तीन वर्षांची लढाई, पन्नास वर्षांचा संसार

युद्ध संपले की पोलादी जहाजाचे पुढे काय होणार हे बहुतेक ठरलेले असते. पोलादाला भाव असतो, म्हणून ते भंगारात जाते. १९७१ च्या युद्धात गाजलेली ‘विक्रांत’ निवृत्तीनंतर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शेवटी २०१४ मध्ये ती दारूखान्याला तोडायला गेलीच. लाकडी बोटीची गोष्ट वेगळी. इंजिने, तोफा आणि तांब्यापितळेचे सामान उतरवून घेतले की मागे राहणाऱ्या लाकडी सांगाड्याला भंगारवाला विचारत नाही. फार तर तो किनाऱ्यावर ओढून पेटवतात आणि राखेतून तांब्याचे खिळे वेचतात. १९४५ नंतर ब्रिटिश नौदलाने आपल्या छोट्या लाकडी बोटी विकायला काढल्या, तेव्हा अनेक बोटींच्या वाट्याला हेच आले. ज्या वाचल्या, त्यांतल्या बऱ्याचशा वाचण्याचे कारण अगदी साधे आहे. त्यांत कोणीतरी बिऱ्हाड केले.

आज या बोटींना पुन्हा मोल आले आहे. संग्रहालये, विश्वस्त संस्था, निवृत्त नौसैनिक आणि हौशी मंडळी त्या शोधून काढतात, पैसा उभा करतात, वर्षानुवर्षे खपून त्यांना युद्धकाळातले रूप परत देतात. त्यांची कथा सांगताना तीन अंक ठरून गेले आहेत: पराक्रम, पडझड आणि पुनर्जन्म. हाऊसबोट म्हणून गेलेला काळ पडझडीच्या अंकात ढकलला जातो. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. ज्या बोटी लढल्या तीन-साडेतीन वर्षे आणि ज्यांत माणसे राहिली तीस-चाळीस-पन्नास वर्षे, त्यांच्या बाबतीत कोणता काळ खरा आणि कोणता उपरा, हे इतक्या सहज ठरवता येत नाही. शिवाय हा दुसरा काळ नसता, तर तिसऱ्या अंकासाठी रंगमंचावर काही उरलेच नसते.

‘हाऊसबोट’ म्हटले की आपल्याला दल सरोवर किंवा आलेप्पी आठवते. इथे तसले काही नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या खाड्यांत, चिखलात रुतलेल्या या बोटी पर्यटकांसाठी सजवलेल्या नव्हत्या. जमिनीवर घर परवडत नव्हते अशांची ती घरे होती.

आधी या बोटी काय होत्या ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचा ‘कोस्टल फोर्सेस’ नावाचा विभाग होता. मोठ्या जहाजांना जिथे वावरणे कठीण अशा उथळ, अरुंद आणि सुरुंग पेरलेल्या पाण्यात हा विभाग बहुधा रात्री लढत असे. मोटर टॉर्पेडो बोट, मोटर गनबोट, मोटर लाँच आणि हार्बर डिफेन्स मोटर लाँच हे त्यातले मुख्य प्रकार. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना एमटीबी, एमजीबी, एमएल आणि एचडीएमएल म्हणतात. लांबी साधारण ६० ते ११५ फूट. जर्मनांकडे त्यांच्या तोडीच्या, किंबहुना समुद्रात अधिक भरवशाच्या ‘श्नेलबोट’ होत्या, तर अमेरिकेकडे ‘पीटी बोट’.

लाकूड निवडण्यामागे जुन्या परंपरेचे प्रेम नव्हते. पोलाद मोठ्या जहाजांना हवे होते. लाकूड हलके, म्हणून वेग जास्त. आणि महत्त्वाचे म्हणजे लाकडाचे कारागीर जहाजगोदीबाहेरही सापडत. नोएल मॅकलिन नावाचे मोटारींचे एक कारखानदार होते. त्यांनी सरे परगण्यातल्या कॉबमजवळ ‘फेअरमाइल’ कंपनी उभी केली आणि एक युक्ती लढवली: बोटीचे सुटे भाग फर्निचर बनवणाऱ्या व सुतारकामाच्या कारखान्यांत करून घ्यायचे, आणि संच जुळवायचे काम तेवढे छोट्या छोट्या गोद्यांना द्यायचे. फेअरमाइल ‘बी’ ही ११२ फुटी लाँच या पद्धतीने सुमारे साडेसहाशेच्या संख्येने तयार झाली. काही कॅनडात, काही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आणि काही हिंदुस्थानातही बांधल्या गेल्या. रॉयल इंडियन नेव्हीच्या फेअरमाइल लाँचेस ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर, खाड्या आणि खारफुटीतून जपान्यांशी लढल्या. या नौदलाच्या जुन्या खलाशांत रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. ब्रह्मदेशाच्या मोहिमेवरच्या मराठी लेखनात पायदळाविषयी पुष्कळ सापडते, या लाँचेसविषयी क्वचितच, आणि ते खटकते.

बांधणीचा प्रकार समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. वेगवान बोटींचे अंग बहुधा दुहेरी तिरप्या फळ्यांचे असे. महोगनीच्या पातळ फळ्यांचा एक थर कण्याशी तिरपा एका दिशेने, त्यावर दुसरा थर उलट्या दिशेने, आणि दोन्हींच्या मध्ये तेलात किंवा डिंकात भिजवलेले मांजरपाटासारखे कापड. तांब्याच्या हजारो खिळ्यांनी हे सारे एकमेकांत आवळलेले. हलके, लवचीक आणि पाण्याला अभेद्य असे हे अंग लाटांवर ताशी चाळीस सागरी मैलांनी आपटूनही टिकते. पण एकदा मधले कापड कुजले की पाणी दोन थरांच्या मध्ये शिरते आणि तिथेच मुरते. बाहेरून रंग चकचकीत, आत लाकडाचा लगदा. एखादीच फळी बदलून भागत नाही. आतल्या थरापर्यंत पोचायचे तर बाहेरचा थर सोलावाच लागतो. युद्धात या गोष्टीची कोणी फिकीर केली नाही, आणि ते बरोबरही होते. काही वर्षांत बोट बुडेल, जळेल किंवा युद्ध तरी संपेल, एवढाच हिशेब करून ती बांधलेली होती.

युद्ध संपले. आता या बोटींचे करायचे काय? अमेरिकेने सगळ्यात निष्ठुर उत्तर दिले. फिलिपाइन्समधल्या समार बेटावर शंभराहून अधिक पीटी बोटी किनाऱ्यावर ओढून १९४५ च्या अखेरीस पेटवून देण्यात आल्या. लाकडी बोटी सांभाळणे खर्चिक, मायदेशी नेणे त्याहून खर्चिक, आणि पेट्रोल तर इतके पिणाऱ्या की कोणा नागरिकाला त्या परवडणे शक्य नाही. हा युक्तिवाद खोटा नव्हता. पीटी बोटीच्या टाक्यांत सुमारे ११ हजार लिटर उच्च प्रतीचे पेट्रोल मावे, आणि तीन पॅकार्ड इंजिने पूर्ण वेगाने सोडली तर ते सहा-एक तासांत संपे.

ब्रिटनमध्ये मात्र वेगळी परिस्थिती होती. बॉम्बहल्ल्यांनी घरे पडलेली, सैन्यातून सुटलेली तरुण जोडपी राहायला जागा शोधत फिरत होती. १९४६ च्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी रिकाम्या लष्करी छावण्यांत बेकायदा मुक्काम ठोकला, तो याच टंचाईपायी. पेट्रोलचे रेशनिंग १९५० पर्यंत चालू राहिले. अशा वेळी नौदल स्वस्तात विकत असलेली, इंजिने काढलेली सत्तर फुटी लाकडी बोट म्हणजे छप्पर, भिंती, बंक, स्वयंपाकघर आणि संडास असलेली तयार जागा. फक्त ती कुठे तरी बांधून ठेवायची सोय हवी.

कोणत्या बोटीचे पुढे काय झाले हे तिच्या पराक्रमावर ठरले नाही, ते इंजिनावर ठरले. एचडीएमएल या ७२ फुटी लाँचला डिझेल इंजिने होती. वेग बेताचा, पण समुद्रात भरवशाची आणि इंधनाला स्वस्त. अशा बोटी सर्वेक्षणासाठी, सीमाशुल्क खात्यासाठी किंवा श्रीमंतांच्या जलविहारासाठी चालत्याफिरत्या राहिल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या नौदलांनीही त्या बरीच वर्षे वापरल्या. फेअरमाइल ‘बी’ मोठी आणि प्रशस्त, म्हणून डिझेल इंजिन बसवून तिचे प्रवासी बोटीत रूपांतर होई. ऑकलंडजवळच्या बेटांवर जाणाऱ्या फेऱ्यांत आणि इंग्लंडमध्ये टॉर्बेच्या किनाऱ्यावर अशा बोटींनी कैक उन्हाळे पर्यटक वाहिले. टॉर्बेची आरएमएल ४९७ ही बचाव लाँच पुढे राष्ट्रीय नौदल संग्रहालयाने घेतली. सगळ्यात वेगवान, सगळ्यात देखण्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या एमटीबी-एमजीबी मात्र इंजिन काढल्यावर जागच्या जागी बसल्या. म्हणजे ज्यांच्या नावावर सर्वाधिक चकमकी, त्याच बोटी बहुतांशी घरे झाल्या.

ससेक्समधल्या शोअरहॅमला अडूर नदीच्या काठी, वाइट बेटावरच्या बेंब्रिज बंदरात, चिचेस्टरच्या खाडीत, एसेक्स-केंटच्या दलदलींत आणि थेट लंडनमध्ये चेल्सीच्या काठाला अशा वस्त्या वाढल्या. शोअरहॅमची रांग आजही आहे आणि ती पाहण्याजोगी आहे. लष्करी सांगाड्यांवर लोकांनी जुन्या बसचे भाग, काचघरे, गच्च्या असे काय वाटेल ते चढवले आहे. चेल्सीच्या वस्तीतली माणसे पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांच्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीमुळे साहित्यात अमर झाली. १९७९ चे बुकर पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीतल्या बोटींमध्ये घर केलेली एक जुनी सुरुंगनाशक बोटही आहे. फिट्झजेराल्ड स्वतः मुलांसह थेम्सवरच्या एका बार्जमध्ये राहत होत्या, आणि ती बार्ज खरोखर बुडाली. या जगण्यातली गंमत आणि धास्ती त्यांनी घरबसल्या कल्पिलेली नव्हती.

अशा घराचे बोटीवर काय परिणाम होतात? या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे, आणि जीर्णोद्धाराच्या प्रत्येक वादाचे मूळ इथे आहे.

एकीकडे घर बोटीला वाचवते. माणूस राहतो म्हणून गळती त्याच दिवशी कळते. शेगडी पेटते म्हणून आतली हवा कोरडी राहते. दर एक-दोन वर्षांनी डांबर किंवा रंग चढतो. खाऱ्या चिखलात रुतलेला बोटीचा तळ आश्चर्य वाटावे इतका टिकतो, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि मीठ सोसत नाही. थंड पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा त्रासही उष्ण कटिबंधापेक्षा कमी. बोटीचा खरा शत्रू वरून येतो: पावसाचे गोडे पाणी. डेकच्या फटीतून ते झिरपते, कोपऱ्यात साचते आणि तिथून कूज सुरू होते. आपल्या किनाऱ्यावर मासेमार पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, त्यामागे वादळवाऱ्याइतकेच हेही कारण आहे. इंग्लंडमध्ये पावसाळा बारमाही. तिथे या बोटींना शाकारले ते वर राहणाऱ्या बिऱ्हाडांनी.

दुसरीकडे तेच घर बोटीचे अंग पोखरते. उजेडासाठी बाजूच्या फळ्यांत खिडक्या कापल्या जातात. सुकाणूघर काढून तिथे दिवाणखाना येतो. आतल्या आडव्या भिंती बोटीला पीळ पडू देत नसत. त्याच पाडून खोल्या मोठ्या केल्या जातात. अनेक टनांची इंजिने काढल्यावर बोटीचे वजन विस्कटते. ओहोटीला ती उंचसखल चिखलावर टेकते, भरतीला उचलली जाते, असे दिवसातून दोनदा. काही दशकांनी कणा कमानीसारखा वाकतो. मग वर काँक्रीटचा लेप, खाली फायबरग्लासचे आवरण असले उपाय होतात. फायबरग्लासने गळती थांबते खरी, पण ओल आत कोंडली जाऊन लाकूड आणखी झपाट्याने सडते. नेकीने केलेल्या दुरुस्तीनेच जास्त नुकसान व्हावे, हे या क्षेत्रात नेहमीचे आहे.

तेव्हा हाऊसबोटीच्या मालकाने ऐतिहासिक बोटीची वाट लावली, अशी तक्रार करणाऱ्यांनी दोन्ही पारडी पाहावीत. ती वाट न लावता बोट टिकवणारा दुसरा कोणी त्या काळी पुढे आला नव्हता. सरकार तर नाहीच.

जीर्णोद्धाराची लाट आली ती बरीच उशिरा. सुरुवात एका अपवादापासून झाली. एमटीबी १०२ ही व्हॉस्पर कंपनीने १९३७ मध्ये स्वखर्चाने बांधलेली ६८ फुटी बोट. ४८ सागरी मैलांचा वेग गाठणारी ती नौदलाची त्या काळची सर्वांत वेगवान बोट होती. डंकर्कच्या माघारीत तिने आठ वेळा खाडी ओलांडली, आणि रिअर अॅडमिरल वेक-वॉकर यांचे जहाज बुडाल्यावर काही काळ त्यांनी याच बोटीवर आपला झेंडा लावला. तो झेंडा भांडी पुसायच्या फडक्यावर लाल रंग फासून केला होता म्हणतात. नॉर्मंडीच्या चढाईआधी चर्चिल आणि आयझेनहॉवर यांनी जमलेल्या ताफ्याची पाहणी केली तीही हिच्यावरूनच. युद्धानंतर ती खासगी विहारनौका झाली आणि १९७३ मध्ये नॉरफोकमधल्या बालवीरांच्या एका पथकाच्या हाती आली. ‘द ईगल हॅज लँडेड’ या चित्रपटाचे चित्रीकरण ठरले, आणि चित्रपटाच्या पैशातून दुरुस्तीचा मोठा भाग निघाला. २०१७ च्या ‘डंकर्क’ चित्रपटातही ती आहे. चालत्या बोटीला काम मिळते आणि कामातून पैसा मिळतो, हे तिच्यामुळे पुढच्यांना कळले.

खऱ्या अर्थाने घरातून परतलेली बोट म्हणजे एचएसएल १०२. ही नौदलाची नव्हे, हवाई दलाची. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलणारी ६४ फुटी वेगवान लाँच. १९४१ मध्ये दोन महिन्यांत तिने ३८ वैमानिकांना वाचवले, त्यांत जर्मनही होते. पुढे ती डार्टमथजवळच्या एका खाडीत हाऊसबोट झाली. १९९० च्या दशकात तिला तिथून काढून नव्याने बांधले गेले आणि १९९६ मध्ये राणीमातेच्या हस्ते तिचे पुन्हा जलावतरण झाले. चिचेस्टरकडे हाऊसबोट झालेली एमटीबी ७१ आज गॉस्पोर्टच्या संग्रहालयात छपराखाली उभी आहे. मुळात ती नॉर्वेने मागवलेली ६० फुटी बोट. पाण्यात परत जाण्याची तिची शक्यता कधीच संपली आहे, पण तिच्या अंगात जुने लाकूड टिकून आहे.

एमजीबी ८१ चे चरित्र तर कादंबरीला पुरेल. १९४२ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या हाइथला ब्रिटिश पॉवर बोट कंपनीने ती बांधली. कोस्टल फोर्सेसमधले सर्वांत नावाजलेले अधिकारी रॉबर्ट हिचेन्स, व्यवसायाने वकील, यांच्या आठव्या फ्लोटिलात ती लढली. पुढे क्रमांक बदलून एमटीबी ४१६ झाली आणि नॉर्मंडीच्या चढाईत उतरली. युद्धानंतर विकली गेली. वेगवान बोट आणि करचुकवे मालक यांची गाठ पडली आणि १९५८ मध्ये ती तस्करीच्या मालासह शोअरहॅमला पकडली गेली. मग हाऊसबोट. तिथून ती दुरुस्त होऊन २००० नंतर पुन्हा पाण्यात उतरली आणि आता पोर्ट्समथला आहे. पेट्रोलची पॅकार्ड इंजिने जाऊन डिझेल आली आहेत. तोफा नकली आहेत. तिच्यावरून जाताना वाकून पाहिले तरी तिच्या आयुष्याचा मोठा भाग दिसणार नाही, कारण तो उतरवूनच तिला १९४२ ची केली आहे.

अमेरिकेत पीटी-३०५ चे उदाहरण यापेक्षा टोकाचे आहे. न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स कारखान्यात बनलेली ही ७८ फुटी बोट भूमध्य समुद्रात लढली. १९४८ मध्ये विकली गेली, न्यूयॉर्कमध्ये प्रवासी बोट झाली, मग मेरीलँडच्या किनाऱ्यावर कालवांच्या शेतीच्या कामाला लागली. ६५ फुटांपेक्षा मोठ्या बोटीला तटरक्षक दलाचे नियम कडक, म्हणून मालकाने मागचा १३ फुटांचा तुकडा सरळ कापून टाकला. न्यू ऑर्लिन्सच्या राष्ट्रीय दुसरे महायुद्ध संग्रहालयाने ती २००७ मध्ये आणली. दोनशेहून अधिक स्वयंसेवकांनी मिळून एक लाखाहून जास्त तास काम केले, कापलेला भाग नव्याने जोडला, खरी पॅकार्ड इंजिने फिरती केली, आणि २०१६ च्या अखेरीस बोट पाण्यात उतरली. जिद्द म्हणावी तर अशी. पण कालवांच्या व्यवसायातली तिची कित्येक वर्षे आता फक्त छायाचित्रांत आहेत.

आणि पीटी-५९ चे काय झाले ते पाहा. आपली पीटी-१०९ बुडाल्यावर जॉन केनेडी यांनी या बोटीची सूत्रे घेतली. नोव्हेंबर १९४३ मध्ये शॉइझल बेटावर अडकलेल्या मरीन सैनिकांना तिने सोडवले. युद्धानंतर मासेमारीच्या सहलींची बोट, मग न्यूयॉर्कच्या हार्लेम नदीत हाऊसबोट, आणि १९७० च्या दशकात तिथेच चिखलात समाधी. आपण कोणत्या बोटीत राहतोय हे राहणाऱ्यांना कितपत ठाऊक होते, कोण जाणे. २०२० मध्ये त्या जागी तिचे अवशेष काढण्यात आले. केनेडींच्या १९६१ च्या शपथविधीच्या मिरवणुकीत पीटी-१०९ म्हणून रंगवलेली दुसरीच बोट मिरवली होती. ती मॅसॅच्युसेट्समध्ये जतन केलेली आहे. नकली बोट संग्रहालयात आणि त्यांनी खरोखर चालवलेली गाळात, असा हा प्रकार.

मूळ प्रश्न आता समोर येतो. बोट कोणत्या सालात परत न्यायची? एमजीबी ८१ बाबत उत्तर सोपे वाटते. पण जर्मन श्नेलबोट एस-१३० घ्या. १९४३ ची ही बोट २८ एप्रिल १९४४ च्या रात्री लाइम उपसागरातल्या हल्ल्यात होती. सराव करणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरच्या त्या हल्ल्यात ७४९ माणसे मेली. युद्धानंतर ब्रिटिशांनी तीच बोट, जर्मन खलाशांसह, बाल्टिक किनाऱ्यावर हेर उतरवायला वापरली. नंतर ती पश्चिम जर्मनीच्या नौदलात गेली, मग विल्हेल्म्सहाफेनला हाऊसबोट झाली आणि २००३ मध्ये इंग्लंडला आली. कॉर्नवॉलमध्ये तिचे काम बरीच वर्षे रेंगाळत चालले आहे. तिला १९४४ मध्ये परत न्यायचे तर ज्या बोटीने ते सैनिक मारले तिलाच नव्याने चकचकीत करायचे, आणि शीतयुद्धातल्या हेरगिरीचा तितकाच दुर्मीळ अध्याय पुसायचा. मला विचाराल तर तिचे १९५० चे रूप जास्त बोलके आहे. पण त्या रूपासाठी देणगी कोण देणार?

उलट समुद्रसंशोधक कुस्तोंच्या ‘कॅलिप्सो’ला कोणी असा प्रश्न विचारत नाही. ती १९४२ मध्ये सिअॅटलमध्ये बांधलेली, ब्रिटिश नौदलाने वापरलेली लाकडी सुरुंगनाशक बोट. माल्टा आणि गोझो यांच्यामध्ये प्रवासी वाहतूक करत असताना १९५० मध्ये गिनेस घराण्यातल्या एका धनिकाने ती घेतली आणि वर्षाला एक फ्रँक भाड्याने कुस्तोंना दिली. पुढची गोष्ट जगाने दूरदर्शनवर पाहिली. १९९६ मध्ये सिंगापूरला धडक बसून ती बुडाली, वर काढली गेली, आणि मग वारस, संस्था, गोदी यांच्या वादांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे कुजत पडली. २०१६ मध्ये तुर्कस्तानला हलवली, २०१७ मध्ये तिथे आगही लागली. या सगळ्या भांडणात ‘तिला सुरुंगनाशक करा’ असे कोणी म्हटले नाही. हॉलिवूड नट जॉन वेनची विहारनौका ‘वाइल्ड गूज’ हीही तशीच सुरुंगनाशक बोट. तिच्याही बाबतीत कोणाला युद्ध आठवत नाही. म्हणजे दुसरे आयुष्य गाजलेल्या माणसाचे असेल तर ते वारसा, आणि अनाम कुटुंबाचे असेल तर ती पडझड. या मापाला मी तरी तत्त्व म्हणणार नाही.

युद्धकाळाकडे परत जाणे कधीच योग्य नसते, असेही नाही. नॉर्वेची ‘हिट्रा’ घ्या. शेटलंड बेटांतून जर्मनव्याप्त नॉर्वेत माणसे आणि शस्त्रे पोचवणाऱ्या तीन अमेरिकी पाणबुडीशोधक बोटींपैकी ही एक. १९८१ मध्ये ती स्वीडनमध्ये अर्धवट बुडालेली सापडली, आणि १९८७ पर्यंत नॉर्वेजियन नौदलाने तिला पूर्ववत केले. तिच्या युद्धोत्तर काळाला एका देशाच्या प्रतिकाराच्या स्मृतीसमोर उभे करता येत नाही. तसेच एचडीएमएल १३८७, म्हणजे ‘मेडुसा’. नॉर्मंडीच्या चढाईच्या दिवशी ओमाहा किनाऱ्याकडे जाणाऱ्या ताफ्यासाठी सुरुंगांतून साफ केलेल्या वाटेच्या तोंडाशी ती खूण म्हणून उभी होती. पुढेही तिने १९६५ पर्यंत नौदलाचीच सेवा केली. २०१० मध्ये तिचा मोठा जीर्णोद्धार पुरा झाला, आणि ती आपल्या डिझेल इंजिनांवर आजही समुद्रात जाते. माझ्या मते ब्रिटनमधले हे सर्वांत समंजस काम, कारण तिथे काही पुसावे लागले नाही.

कायद्याचा आधार मात्र लंगडा आहे. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक इमारत यादीत आली की ती परवानगीशिवाय पाडणे गुन्हा ठरतो. ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंद आहे, तिचे काम चोख आहे, पण नोंद झाल्याने बोटीला कायदेशीर संरक्षण मिळत नाही. ही नोंद ठेवणाऱ्या संस्थेने नौकांच्या नोंदीवर, जतनावर आणि पद्धतशीर मोडणीवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तके काढली आहेत. त्यांतले मोडणीवरचे पुस्तक मला सर्वांत प्रामाणिक वाटते. सगळ्या बोटी वाचणार नाहीत हे त्यात गृहीत आहे. मग निदान ती तोडताना कोणती फळी कोणत्या लाकडाची, कोणता जोड कसा, मागाहून काय बदलले, हे सारे मोजून लिहून ठेवा, असे ते सांगते.

ही नोंद आता तातडीची झाली आहे, आणि त्याचे कारण कुजण्यापेक्षा जागेत आहे. ऐंशी वर्षांच्या बोटीची किंमत नाममात्र, पण चेल्सीला किंवा शोअरहॅमला ती जिथे बांधलेली आहे त्या जागेच्या हक्काला बाजारभाव आहे. मुंबईत चाळीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग झाली की चाळीचे जे होते, तेच इथे होते. जुना सांगाडा ओढून नेतात, त्या जागी काँक्रीटच्या तराफ्यावरचे नवे दुमजली घर येते. ज्या संग्रहालयांनी अशा बोटी विकत घ्यायच्या, त्यांच्याकडे आधीच घेतलेल्या बोटींसाठी छप्पर आणि कुशल सुतार पुरेसे नाहीत. दुहेरी तिरप्या फळ्यांचे काम येणारे हात कमी होत आहेत.

तेव्हा नोंद करायला माणसे पाठवायची तर प्रथम या धक्क्यांवर पाठवावीत, बोट ओढून नेण्याआधी. त्यांनी तोफेच्या बैठकीची खूण जरूर शोधावी. पण इंजिनघरात बसवलेली न्हाणी, टॉर्पेडोच्या जागी केलेली मुलांची खोली, बाजूच्या फळ्यांत कोणत्या साली किती खिडक्या कापल्या, पाणी आणि वीज धक्क्यावरून आत कशी घेतली होती, तळाला कोणत्या वर्षी काय लावले आणि त्याने गळती थांबली की वाढली, हेही त्याच वहीत त्याच काळजीने उतरवावे. यातला शेवटचा भाग तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला उपयोगी पडणारा आहे. आणि हे सांगू शकणारी, त्या बोटींत वाढलेली मुले आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत.